ब्रिटिश घरातला साधा बटाटा : प्रकल्प नोंदी, सप्टेंबर ते नोव्हेंबर २०२५

१३ सप्टेंबर, शनिवार

पुस्तिकेचं काम पक्कं झालं. दर सप्टेंबरात मँचेस्टर आणि आसपासच्या गावांत मराठी विद्यार्थी येतात, नोकरीच्या निमित्ताने नवी कुटुंबं येतात. दुकानात सगळ्यांत हमखास आणि स्वस्त मिळणारी भाजी म्हणजे बटाटा. त्याची सुकी भाजी झाली, रस्सा झाला, की पुढे काय हा प्रश्न प्रत्येक घरात पडतो. इथल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या होत आलेले बटाट्याचे साधे पदार्थ स्वतः करून पाहायचे आणि मापांसकट मराठीत लिहायचे, असं ठरलं. कृती आणि मजकूर माझ्याकडे, फोटो मैत्रिणीकडे, पानं लावायचं काम तिच्या नवऱ्याकडे.

हद्द आजच आखून घेतली. हॉटेलातलं आणि पबमधलं काही नको. चिप्सही (बटाट्याच्या तळलेल्या जाड फोडी) नकोत. ते दुकानातच चांगले होतात, आणि विद्यार्थ्यांच्या खोलीत कढईभर तेल तापवणं धोक्याचं. एक शेगडी किंवा एक ओव्हन, जिन्नस सहा-सात. मांसाचे पदार्थ घ्यायचे, कारण ते गाळले तर चित्र खोटं ठरेल. पण शाकाहारी घरात तो पदार्थ कसा करता येईल हेही त्याच पानावर द्यायचं.

प्रस्तावनेत एकच गोष्ट ठासून सांगायची आहे. ‘इथलं जेवण म्हणजे उकडलेला बटाटा नि वर मीठ’ असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. इथल्या शेजारणींच्या स्वयंपाकघरांत वावरल्यानंतर माझं मत ठाम झालंय, की या स्वयंपाकाचं सगळं कसब बटाट्यातल्या पाण्यात आहे. बटाट्यात जवळजवळ ८० टक्के पाणीच असतं. ते किती काढायचं, कधी काढायचं आणि कुठे राहू द्यायचं, यावर चव ठरते. प्रत्येक कृतीत ही पाण्याची बाजू स्पष्ट दिसली पाहिजे.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

मँचेस्टरजवळच्या बेरी (Bury) गावाच्या बाजारात सकाळीच गेले. आज फक्त जातींचं काम.

भारतात आपण नवा आणि जुना बटाटा एवढंच पाहतो. इथे आधी जात बघतात, मग पदार्थ ठरवतात. ढोबळमानाने दोन गट: पिठूळ आणि घट्ट. पिठूळ बटाट्यात स्टार्च जास्त असतो. शिजताना पेशी फुगून एकमेकींपासून सुट्या होतात, म्हणून तो हाताखाली भुसभुशीत लागतो. घट्ट बटाट्याच्या पेशी एकमेकींना धरून राहतात, कापाची कड मोडत नाही. कुस्करायला पहिला, कापांना आणि सॅलडला दुसरा.

गाड्यावर आज मिळालेल्या जाती:

किंग एडवर्ड. फिकट सालीवर डोळ्यांभोवती गुलाबी छटा, त्यामुळे ढिगात लगेच ओळखू येतो. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाच्या वर्षी, १९०२ साली, ही जात या नावाने आली आणि अजून टिकून आहे. पिठूळ.

मॅरिस पायपर. केंब्रिजच्या वनस्पती पैदास संस्थेत तयार झालेली, १९६६ पासून लागवडीत. नावातला मॅरिस हा संस्थेजवळच्या रस्त्यावरून आला. मुळांवर बारीक पुटी (सिस्ट) करणाऱ्या सूत्रकृमीच्या एका प्रकाराला ही जात दाद देत नाही, म्हणून शेतकऱ्यांनी उचलून धरली. भाजायला, तळायला, कुस्करायला, सगळ्याला चालते. पुस्तिकेत जिथे एकच जात सुचवायची असेल तिथे हीच.

डेझिरे. लाल साल, आतून पिवळसर, मूळची हॉलंडची. मधल्या गुणाची.

शार्लट. लहान, लांबट, घट्ट. कापांसाठी.

पाकिटावर नुसतं ‘व्हाइट पोटॅटो’ लिहिलेलं असेल तर घरी ओळखायची एक सोपी युक्ती आहे: १ वाटी मीठ ११ वाट्या पाण्यात विरघळवायचं आणि बटाटा सोडायचा. पिठूळ बटाटा स्टार्चमुळे जड, तो बुडतो. घट्ट बटाटा तरंगतो. आज किंग एडवर्ड सरळ तळाला गेला, शार्लट वर आली. मैत्रिणीने फोटो घेतला, पान २ वर तोच लावायचा.

साठवणीची चौकट याच पानावर: कागदी पिशवी, अंधार, गारवा. प्लास्टिकमध्ये घाम धरतो. उजेडात हिरवा झालेला भाग काढून टाकायचा, फारच हिरवा असेल तर अख्खा बटाटाच फेकायचा.

२१ सप्टेंबर, रविवार

मॅश, म्हणजे लोणी-दूध घालून कुस्करलेला बटाटा. पुस्तिकेचा पाया हाच, निम्म्या कृती यावर उभ्या आहेत. म्हणून आजची नोंद लांब.

माप: १ किलो किंग एडवर्ड, ८० ते १०० ग्रॅम लोणी, १०० ते १५० मिली गरम दूध, मीठ, पांढरी मिरपूड. इथली जुनी घरं काळ्या मिरीपेक्षा पांढरी मिरपूड वापरतात, तिचा वास लोण्याबरोबर वेगळाच उमटतो. तीच घ्या.

साल काढून सारख्या आकाराच्या मोठ्या फोडी. लहान फोडी केल्या की पाणी जास्त पितात. फोडी गार पाण्यात टाकायच्या, मीठ घालायचं आणि मग आच लावायची. उकळत्या पाण्यात टाकल्या तर आतपर्यंत शिजेतो बाहेरचा थर विरघळतो. उकळी आली की आच कमी करून १५ ते २० मिनिटं. सुरी सहज आरपार गेली की झालं.

आता खरं काम. बटाटे चाळणीत निथळायचे आणि त्याच गरम पातेल्यात परत घालायचे. मंद आच. पातेलं कानांना धरून हलकेच हलवत राहायचं. सुरुवातीला वाफेचा लोट येतो, चष्मा धुरकटतो. मिनिटभराने वाफ विरळ होते. मग फोडींच्या कडा ओलसर चकाकी सोडून पांढुरक्या पडायला लागतात, कोपरे झडतात, पातेल्याच्या तळाला पांढरा पापुद्रा धरतो. चमच्याने तळ खरवडला तर कोरडा आवाज येतो. तिथे थांबायचं. या दोन-तीन मिनिटांत जे पाणी जातं त्याच्या जागी लोणी बसतं. ही पायरी गाळून केलेला मॅश आणि हा मॅश शेजारी ठेवून पाहिले: पहिला ताटात पसरला, कडेला पाणी सुटलं. दुसरा चमच्याने ठेवला तिथे राहिला.

हाताच्या दट्ट्यानेच कुस्करायचं. आधी लोणी, ते मुरलं की गरम दूध थोडं थोडं. मिक्सर किंवा फूड प्रोसेसर अजिबात नको. पात्याने पेशी फुटतात, आतला स्टार्च बाहेर येतो आणि सगळं चिकट, ताणलं जाणारं होतं. मग त्याला काही उपाय नाही.

सातारला आईला व्हिडिओवर दाखवलं. तिचा पहिला प्रश्न: “अगं, फोडणी कुठे आहे?”

“फोडणी नाही आई, लोणी आहे. वाफ किती गेली बघितलीस ना?”

ती क्षणभर पाहत राहिली आणि म्हणाली, “मग बरोबर आहे. वड्याचा बटाटा ओला राहिला तर तेलात वडा फुटतो. आम्ही म्हणूनच उकडून ताटात पसरून ठेवतो.”

हे वाक्य जसंच्या तसं मॅशच्या पानावर घ्यायचं. बटाटेवडा ज्याच्या हातचा बिघडत नाही त्याला हे पान समजावून सांगावं लागणार नाही.

भारतात करून बघणाऱ्यांसाठी तळटीप: कुकरला सालासकट उकडले तर बटाटे कमी पाणी पितात. झाकण पडल्यावर लगेच बाहेर काढून, सोलून, तोडून उघडे ठेवायचे.

२८ सप्टेंबर, रविवार

रविवारचं रोस्ट. या ताटात मांस कुठलंही असो, घरातली माणसं आधी बटाट्यांकडे बघतात.

१ किलो मॅरिस पायपर, अंड्याएवढ्या फोडी, खारट पाण्यात उकळी आल्यापासून ८ ते १० मिनिटं. बाहेरून मऊ, आत अजून कच्चे. निथळून वाफ जाऊ द्यायची. मग पातेल्यावर झाकण ठेवून दोन-तीनदा जोरात हिसडायचं. कडा खरबरीत होतात, वर बटाट्याचा लगदा माखला जातो. कुरकुरीत कवच होतं ते या लगद्याचं. काही घरांत या वेळी मूठभर रवा भुरभुरतात. आपल्याला ही कल्पना परकी वाटणार नाही, सुरमईला आपण रवा लावतोच.

ओव्हन २२० अंशांवर, पंख्याचा असेल तर २००, गॅसचा असेल तर मार्क ७. ट्रेमध्ये तेल आधी दहा मिनिटं तापवायचं. गरम तेलात बटाटे सोडले की चर्र आवाज आला पाहिजे. फोडींमध्ये अंतर ठेवायचं. गर्दी केली तर एकमेकांच्या वाफेत शिजतात आणि कवच धरतच नाही. मधे एकदा उलटून ५० मिनिटं ते तास.

चरबीबद्दल सरळ लिहायचं: परंपरेने ही गोमांसाची चरबी असते, नाताळात बदकासारख्या मोठ्या ‘गूज’ पक्ष्याची. बऱ्याच घरांत आता सूर्यफूल किंवा रेपसीड (मोहरीच्या कुळातलं) तेल असतं आणि त्यात बटाटे उत्तम होतात. आम्ही रेपसीड तेलच छापतोय. बाहेर कुणाकडे जेवायला गेलात तर बटाटे कशात भाजलेत ते आधी विचारा, इथे असं विचारण्यात कुणाला काही वाटत नाही.

२९ सप्टेंबर, सोमवार

बबल अँड स्क्वीक. कालचे उरलेले बटाटे, उकडलेला कोबी.

सोमवार हा पूर्वी धुण्याचा वार. बाईचा सगळा दिवस पाणी तापवण्यात आणि कपडे पिळण्यात जायचा, म्हणून रविवारचं थंड मांस आणि हा परतलेला बटाटा-कोबी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या छापील कृतींत मात्र या नावाखाली मांस आणि कोबी आहे, बटाटा नाही. तो पुढे शिरला आणि शेवटी मांसाला बाहेर काढून बसला.

रात्रभर फ्रिजमध्ये राहिलेल्या बटाट्यातला स्टार्च घट्ट झालेला असतो, त्यामुळे तो तव्यावर धरून राहतो. ताजा मॅश घेतला तर पसरतो. कोबी मुठीत धरून घट्ट पिळायचा. जाड बुडाच्या तव्यात लोणी, त्यात मिश्रण दाबून बसवायचं आणि हलवायचं नाही. खालून तपकिरी पापुद्रा धरला की उलथन्याने तोडून आत मिसळायचा, परत दाबायचं. असं तीनेकदा. पापुद्रे आतपर्यंत पोचले की चव पूर्ण होते.

११ ऑक्टोबर, शनिवार

पॅन हॅगर्टी, नॉर्थम्बरलंडकडचा. बटाटा, कांदा, चीज. एवढंच.

इथे सगळं उलट. घट्ट बटाटा हवा, आणि त्यातलं पाणी बाहेर काढायचं नाही, झाकणाखाली त्यातच शिजवायचं. शार्लट ५०० ग्रॅम, नाण्याच्या जाडीचे काप. काप धुवायचे नाहीत. धुतले की वरचा स्टार्च जातो, आणि थर एकमेकांना चिकटवणारं दुसरं काही या पदार्थात नाही. फक्त कोरड्या पंचात गुंडाळून टिपायचे.

जाड तव्यात लोणी. खाली बटाट्याचा थर, वर उभा पातळ चिरलेला कांदा, किसलेलं चेडर, मीठ-मिरी. पुन्हा बटाटा, कांदा, चीज. सगळ्यात वर बटाटा. झाकण ठेवून अगदी मंद आचेवर अर्धा तास. पाण्याचा थेंब घालायचा नाही. वीस मिनिटांनी झाकणाच्या काचेवर थेंब जमतात, कडेने बारीक बुडबुडे येतात, कांद्याचा गोड वास सुटतो. बटाटा स्वतःच्या आणि कांद्याच्या पाण्यात शिजतोय. शेवटी वर आणखी चीज घालून ग्रिलखाली पाच मिनिटं.

आमच्या मोठ्याने आज दोनदा घेतलं आणि “हे डब्यात दे” म्हणाला. विद्यार्थ्यांसाठी पहिली कृती हीच द्यावी असं मला वाटतं. शेवटच्या ग्रिलखेरीज ओव्हन लागत नाही, एक तवा, धुवायला भांडी कमी.

चीजबद्दल चौकट: पारंपरिक चीज करताना वासराच्या पोटातलं रेनेट (दूध साकळवणारं द्रव्य) वापरतात. शाकाहारींनी पाकिटावर शाकाहारींसाठी योग्य असल्याची नोंद बघून घ्यावी. बहुतेक दुकानांत तसं चेडर सहज मिळतं.

१८ ऑक्टोबर, शनिवार

लँकशर हॉटपॉट. आज आमच्या घरी नाही, समोरच्या बाईंकडे. वय ऐंशीच्या पुढे, आई आणि आजी दोघी सूतगिरणीत कामाला होत्या. भांडं आजीचं आहे, उंच, तपकिरी, मातीचं.

त्यांची बटाटे कापायची पद्धत बघण्यासारखी. पाट नाही, फळी नाही. बटाटा डाव्या तळहातावर, लहान सुरी अंगठ्याकडे ओढत काप थेट भांड्यात पडतो. कापांची जाडी मात्र एकसारखी. मी माप विचारलं तर म्हणाल्या, “माप कसलं, लव्ह? भांडं भरलं की झालं.” आम्ही वजन करून घेतलं: मेंढीच्या मानेचं मांस साधारण ७०० ग्रॅम, बटाटे १ किलो, कांदे ३ मोठे. मीठ, पांढरी मिरपूड, बस.

खाली मांस-कांदा, वर बटाट्याच्या कापांची कौलं, एकावर एक अर्धवट चढलेली. आत पाणी किती घालायचं हाच प्रश्न. बाईंनी ओतलं ते वरच्या कापांच्या खालपर्यंतच. वरचे काप कोरडे राहिले पाहिजेत, नाही तर तपकिरी होत नाहीत. खाली रसात मऊ बटाटा, वर कडक कडा, हे दोन्ही एकाच भांड्यात साधायचं तर पाण्याची रेघ नेमकी हवी. झाकण ठेवून १६० अंशांवर अडीच तास. मग झाकण काढून कापांवर लोणी फिरवायचं आणि २०० अंशांवर अर्धा-पाऊण तास. मी मधे ओव्हन उघडायला गेले तेव्हा त्यांनी हात धरला: “राहू दे, लव्ह. घाई केली तर रस घट्ट व्हायचा नाही.”

तोंडी लावायला व्हिनेगरमध्ये मुरवलेला लाल कोबी. चरबीच्या रसावर तो आंबटपणा हवाच.

गिरणीत दिवसभर काम करणाऱ्या घरांत हा पदार्थ रुजला, कारण मंद आचेवर ठेवून दिला की त्याच्याकडे बघावं लागत नाही. बाई गिरण्यांबद्दल बोलत होत्या तेव्हा मला गिरणगाव आठवत होतं. दोन्हींचं नातं कापसाचं आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवीमुळे तिथला कापूस थांबला, लँकशरमधल्या गिरण्या बंद पडून लोकांची उपासमार झाली, आणि त्याच वर्षांत मुंबईतून इकडे येणाऱ्या कापसाने तिथले व्यापारी श्रीमंत झाले. पुस्तिकेत याला चार ओळी तरी द्यायच्याच. मराठी वाचकाला या भांड्याशी जोडणारा हा खरा धागा आहे.

शाकाहारी पर्याय: मशरूम, गाजर, भिजवलेलं बार्ली, वर तेच बटाटे. मांसाशिवाय करणं ही काही आजची तडजोड नाही. शेजारच्या लिव्हरपूलमध्ये मांस परवडत नसे तेव्हा स्काउस (तिथला मांस-बटाट्याचा रस्सा) नुसत्या बटाटा-भाज्यांचा करत आणि त्याला ‘ब्लाइंड स्काउस’ असं स्वतःचं नावही आहे.

२५ ऑक्टोबर, शनिवार

स्कॉटलंड. तिथे शाळांची ऑक्टोबरातली सुट्टी अजूनही ‘टॅटी हॉलिडेज’ (टॅटी म्हणजे बटाटा) म्हणून ओळखली जाते, कारण पूर्वी मुलं बटाटे वेचायला शेतावर जात. म्हणून याच महिन्यात हे पान.

स्टोव्हीज: रविवारच्या रोस्टखाली जमलेली चरबी, कांदा, बटाटे, उरलंसुरलं मांस. बटाटे मुद्दाम ओबडधोबड कापायचे, काही पातळ काही जाड. पातळ तुकडे विरघळून रस घट्ट करतात, जाड तुकडे अख्खे राहतात. पाणी जेमतेम अर्धी वाटी. झाकण घट्ट, आच मंद, ४० ते ५० मिनिटं. आम्ही लोण्यात, मांसाशिवाय केलं. ओटच्या कडक बिस्किटांबरोबर खातात. साधेपणात हा सगळ्यांवर ताण आहे, आणि मला फार आवडला.

टॅटी स्कोन: कोरडा मॅश २५० ग्रॅम, मैदा ६० ग्रॅम, लोणी २५ ग्रॅम, मीठ. मॅश कोमट असतानाच मळायचं, अर्धा सेंटिमीटर जाड लाटायचं, चार तुकडे करून कोरड्या तव्यावर दोन्हीकडून तीन-चार मिनिटं. मॅश ओला असेल तर मैदा वाढत जातो आणि स्कोन चिवट होतो. आपल्या घरातला पोळीचा तवा याला अगदी योग्य, नवीन काही आणायला नको. हे पान छोटं ठेवायचं, हात आपोआप करतील.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

चँप, उत्तर आयर्लंडचा. हॅलोवीनला बऱ्याच घरांत होतो. पातीचा कांदा चिरून दुधात पाच मिनिटं उकळायचा, ते दूध कांद्यासकट मॅशमध्ये. ताटात ढीग करून मधे खळगा, खळग्यात लोण्याचा गोळा. काठाने घास घ्यायचा आणि वितळलेल्या लोण्यात बुडवून खायचा. मऊ भाताच्या मुदीवर तूप सोडून खाणाऱ्याला यात शिकण्यासारखं काहीच नाही.

मॅशच्या पानावरच शेवटी चार ओळींत बसवू.

५ नोव्हेंबर, बुधवार

बॉनफायर नाइट. १६०५ साली पार्लमेंट उडवून देण्याचा कट फसला, त्याची आठवण म्हणून आज गावोगाव होळ्या पेटतात. त्या निखाऱ्यांत बटाटे भाजायची जुनी रीत आहे. आमच्या इथे मैदानावर सालासकट भाजलेले बटाटे आणि त्यांच्या शेजारी ‘ब्लॅक पीज’, म्हणजे उकडलेले काळपट वाटाणे, कपात, वर भरपूर व्हिनेगर. मालवणात काळ्या वाटाण्याचं सांबार खाऊन मोठी झालेली आमची मैत्रीण दोन कप संपवून तिसऱ्याच्या रांगेत उभी राहिली.

घरी ओव्हनमधला जॅकेट पोटॅटो कालच करून पाहिला. मोठा पिठूळ बटाटा, साधारण २५० ते ३०० ग्रॅम. धुऊन पुसून कोरडा, काट्याने चार-पाच जागी टोचायचा, तेल आणि जाड मीठ चोळायचं. फॉइलमध्ये गुंडाळायचं नाही. फॉइल वाफ कोंडून ठेवतो, साल लोंबते आणि बटाटा भाजण्याऐवजी उकडतो. थेट जाळीवर, २०० अंश, सव्वा ते दीड तास.

बाहेर काढताच लगेच उघडायचा. सुरीने अधिक चिन्हासारखी चीर पाडून खालून दोन्ही हातांनी दाबायचं. गर फुलून वर येतो आणि वाफेचा झोत निघून जातो. पाच मिनिटं तसाच बंद ठेवला तर तीच वाफ आत फिरून गर जड करते. मग लोणी, मीठ. वर बीन्स आणि चीज घालणं ही इथली रोजची गोष्ट, पण पहिला घास नुसत्या लोण्याबरोबर घ्यावा.

मायक्रोवेव्ह वापरायचाच असेल तर आधी आठ-दहा मिनिटं त्यात आणि मग अर्धा तास ओव्हन. नुसता मायक्रोवेव्ह केला तर साल कुरकुरीत होत नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

वाचनालयात दुपार गेली. युद्धकाळाचं पान.

दुसऱ्या महायुद्धात जानेवारी १९४० पासून लोणी, साखर, बेकन अशा वस्तू मोजून मिळायला लागल्या. बटाटा मात्र युद्ध संपेपर्यंत रेशनवर गेला नाही. गहू बोटीने आणावा लागे आणि बोटी बुडत होत्या. बटाटा देशातच पिकत होता. म्हणून अन्न मंत्रालयाने ‘पोटॅटो पीट’ नावाचा टोपीवाला बटाटा जाहिरातींत उभा केला आणि घरोघर बटाट्याच्या कृती पोचवल्या. रेशनचा खरा आघात युद्धानंतर झाला: जुलै १९४६ मध्ये पाव रेशनवर गेला, १९४७ च्या कडाक्याच्या हिवाळ्यानंतर वर्षअखेर बटाट्यावरही नियंत्रण आलं, आणि रेशन पूर्ण उठायला जुलै १९५४ उजाडला. समोरच्या बाई तेव्हा शाळेत होत्या. ताटात बटाट्याची साल ठेवायची नाही ही त्यांची सवय तेव्हाची.

वुल्टन पाय (pie, म्हणजे सारणावर आवरण घालून ओव्हनमध्ये भाजलेला पदार्थ) त्या काळातला. सॅव्हॉय हॉटेलचे मुख्य आचारी फ्रान्सिस लात्री यांनी तयार केलेला आणि अन्नमंत्री लॉर्ड वुल्टन यांच्या नावाने १९४१ मध्ये लोकांपुढे आलेला. बटाटा, गाजर, स्वीड (सलगमासारखा कंद), फ्लॉवर प्रत्येकी १ पौंड, म्हणजे साडेचारशे ग्रॅम. पातीचा कांदा, चमचाभर भाज्यांचा अर्क, चमचाभर ओट. सगळं जेमतेम बुडेल इतक्या पाण्यात दहा मिनिटं ढवळत शिजवायचं. ओट पाणी शोषून रस दाटवतो, लोण्याची गरज राहत नाही. गार करून पायच्या भांड्यात, वर बटाट्याचं किंवा कणकेचं आवरण, ओव्हनमध्ये तपकिरी होईपर्यंत.

अनेकांना तेव्हा तो आवडला नव्हता, त्यांची रोजची भूक मांसाची होती. आज केला तो आम्हाला मनापासून आवडला. मीठ-मिरी सढळ आणि पार्सली भरपूर हवी. मुळातच शाकाहारी असलेला हा एक पदार्थ मला पुस्तिकेच्या मध्यावर, दोन पानांवर हवा आहे. पानं लावणाऱ्यांचं म्हणणं एक पान पुरे. मी दोनावर अडून राहिले आणि दोन मिळाली.

२३ नोव्हेंबर, रविवार

शेवटची कृती, कॉटेज पाय. हे नाव १७९१ पासून लेखी सापडतं. आज बोलताना गोमांसाचा तो कॉटेज आणि मेंढीच्या मांसाचा तो शेपर्ड्स, असा भेद करतात. खाली रसातला खिमा, वर मॅश. आम्ही खिम्याच्या जागी अख्खा मसूर घेतला. असा शाकाहारी पाय इथल्या घरांतही होतो, आणि सांगली-कोल्हापूरकडच्या वाचकाला मसूर शिजवायला शिकवावं लागत नाही. कांदा, गाजर, सेलरी लोण्यात परतून, टोमॅटो प्युरी, शिजलेला मसूर. वूस्टर सॉसमध्ये अँकोव्ही मासा असतो, त्यामुळे शाकाहारींनी बिनमाशांचा बघून घ्यावा.

खालचं सारण पळीवाढं राहिलं तर वरचा मॅश बुडतो. चमचा ओढल्यावर भांड्याचा तळ दिसेपर्यंत आटवायचं. मॅश नेहमीपेक्षा कोरडा, दूध निम्मं. कडेपासून सुरुवात करून मधे यायचं, म्हणजे कडेने रस वर येत नाही. मग काट्याने रेघा. उंचवटे आधी सुकतात आणि तेच तपकिरी होतात. २०० अंश, अर्धा तास.

छपाईआधीचे निर्णय:

मिनिटं सगळीकडे कंसात. आधी खूण लिहायची: वाफ विरळ झाली, कडा पांढुरक्या पडल्या, झाकणावर थेंब जमले. भाड्याच्या घरांतले ओव्हन एकासारखा दुसरा नसतो, मिनिटांवर विसंबून चालणार नाही.

मागच्या मलपृष्ठावर तापमानाचा तक्ता: मार्क ४ म्हणजे १८०, मार्क ६ म्हणजे २००, मार्क ७ म्हणजे २२०. पंख्याच्या ओव्हनला प्रत्येकी २० अंश कमी.

आईचं वड्याचं वाक्य मॅशच्या पानावर ठळक अक्षरांत. समोरच्या बाईंचा फोटो त्यांच्या इच्छेप्रमाणे नाही, फक्त हात, बटाटा आणि सुरी.

क्लॅपशॉट, म्हणजे ऑर्कनीचा बटाटा-स्वीड मॅश, आणि वेल्सचे पदार्थ यांना यंदा जागा उरली नाही. २५ जानेवारीला बर्न्स नाइट (स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्स यांच्या स्मरणाची रात्र) आहे, त्याच्या आदल्या शनिवारी क्लॅपशॉट करून बघू आणि पुरवणीचं काम तिथून धरू. स्वीडमध्ये पाणी बटाट्याहूनही जास्त, तेव्हा ते वेगळं उकडून, पिळून मगच मिसळायचं का, हे तेव्हा ठरवायचं.